दोघांचे टेबल

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे. आज माझ्यावर रंगाचे डबे रचले आहेत आणि माझा एक पाय वाळवीने पोखरला आहे. पण एके काळी माझा थाट काही और होता.

सुताराने मला मुद्दाम रुंद बनवले, कारण माझ्याशी दोघांना समोरासमोर बसायचे होते. एका बाजूला संस्कृत शिकवणारे सर, दुसऱ्या बाजूला त्यांची पत्नी, मराठी शिकवणाऱ्या बाई. प्रेम आणि विरहाच्या कवितांवर दोघे मिळून एक पुस्तक लिहीत होते. लिहिणे कमी, भांडणेच जास्त!

"अगं, आमची विरहिणी बघ," सर म्हणत. "इतकी वाळली की बांगड्या गळून पडल्या. चंद्रसुद्धा तिला पोळतो. याला म्हणतात कविता!"

"आमची चंद्राच्या वाटेला जात नाही," बाई हसत. "ती म्हणते, सवयीनं दोघांचं रांधलं, आता एकटीला घास उतरत नाही."

"ही कविता? हे तर स्वयंपाकघर झालं!"

"अहो, आठवण तिथंच गाठते माणसाला."

हार मानतील ते सर कसले! ते माझ्यावर मूठ आपटत. मला ते फार आवडे.

मग बाई आजारी पडल्या. त्यांच्या खुर्चीवर आधी उशी आली, पुढे खुर्चीच रिकामी झाली. पुस्तक बाईंना अर्पण करायचे म्हणून सरांनी एक श्लोक रचला. वृत्त अचूक, उपमा सुरेख. त्यांनी तो वाचला आणि फाडून टाकला.

"यात ती कुठंच नाही," ते पुटपुटले.

एका सकाळी ते दोन कप चहा घेऊन आले. एक समोर सरकवला आणि कागदातून मान वर न काढता म्हणाले, "घे गं, गार होतोय."

मग त्यांनी वर पाहिले. मित्रांनो, तो हुंदका माझ्या फळ्यांतून आरपार गेला.

माहेरी आलेली लेक धावत आली. तिला म्हणाले, "श्लोकांनी मला विरह दुरून दाखवला, बाळा. फार सुंदर दाखवला. तुझ्या आईच्या ओळीनं तो घरात आणून बसवला. तिला हे सांगायचं राहूनच गेलं."

पुस्तक अर्धेच राहिले. लेक त्यांना आपल्या घरी घेऊन गेली, आणि मला शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये जागा मिळाली. निघताना सरांनी बाईंच्या बाजूला माझ्यावर हळूच हात फिरवला. "पटलं गं तुझं," ते म्हणाले.

मित्रांनो, कोणी मला कोरड्या फडक्याने पुसले तर बरे वाटेल. पण त्याआधी, तुमच्याशी रोज वाद घालणारे माणूस समोर आहे तोवर त्याला "पटलं तुझं" एवढे सांगून टाका. सरांचे ते शब्द मी ऐकले. पण ते माझ्यासाठी नव्हते.