बदलीच्या आड आलेला वाघ

प्रभाबाईंची डहाणूला बदली होऊन अडीच वर्षं झाली होती, आणि त्या अजून झरीच्या पुढच्या पाड्यावरच्या आरोग्य उपकेंद्रातच नर्स होत्या. सरकारी कामात हे असं चालतं. हुकूम निघतो, पण जागेवर दुसरी नर्स रुजू होऊन टिकल्याशिवाय पहिलीला सोडत नाहीत. इथे तर दोन वर्षं कुणी आलंच नाही, आणि गेल्या सहा महिन्यांत तिघी आल्या त्यांतली एकही टिकली नाही. एक चार दिवसांत गेली, एक दोन दिवसांत, आणि तिसरीने तर ट्रंकसुद्धा उघडली नाही. तिघींनी आजारपणाची रजा टाकली आणि दुसरीकडे सोय लावून घेतली.

डहाणू रोडला नवरा शैलेश रेल्वेत, मुलगी सई सातवीत. आई तिला फक्त रविवारची. मागच्या खेपेला सईने ‘परत कधी येशील?’ हे विचारलंच नाही, आणि ते प्रभाबाईंना फार लागलं.

महिन्याच्या मीटिंगला आरोग्य केंद्रात गेल्यावर त्या तडक श्यामकांत कारकुनांच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. कर्मचाऱ्यांच्या फायली त्यांच्याकडे. माणूस भला, पण फाईलची नाडी इतकी हळू सोडत की बघणाऱ्याला डुलकी यावी.

"बाई, तुमच्याकडे वाघ आहे का हो?"

"वाघ?"

"उपकेंद्राच्या विहिरीवर. रोज दिवेलागणीला येतो म्हणे. तिघींच्याही अर्जात आहे. आधी तब्येत, मग वाघ."

सहा वर्षांत प्रभाबाईंनी त्या विहिरीवर बेडकापलीकडे काही पाहिलं नव्हतं. पण नव्या नर्सला पहिल्या दिवशी विहीर दाखवायला कोण नेतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. शुक्री. उपकेंद्राची झाडलोट तिच्याकडे, आणि बाळंतपणाला दिवा धरायलाही तीच.

पाड्यावर पोचताच प्रभाबाई कडाडल्या. एरवी शुक्री डॉक्टरसाहेबांनाही अरे-तुरे करी आणि शब्द खाली पडू देत नसे. आज मात्र ती नुसती झाडू चाळवत बसली.

"आला व्हता एकदा वाघ," ती शेवटी म्हणाली. "माझे आजीच्या टायमाला."

"शुक्रे!"

"मंग काय करू? तू गेलीस त माझे जमनीला कोण सोडवील?"

जमना तिची लेक. आधीची दोन मुलं दगावलेली, आता आठवा महिना. प्रभाबाईंचा अर्धा राग तिथेच उतरला. उरलेला त्यांनी मुद्दाम धरून ठेवला.

"तुला जमना आहे, तशी मला सई आहे. सहा वर्षं पोर माझ्याशिवाय जेवतेय."

हे शुक्रीच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. नर्सबाई म्हणजे उपकेंद्राचीच, औषधाच्या कपाटासारखी, असं ती धरून चालली होती. त्या संध्याकाळी ती झाडू कोपऱ्याला टेकवून घरी गेली.

पंधरा दिवसांनी चौथी आली, सुनिता. शुक्रीने तिची ट्रंक डोक्यावर घेतली, विहीरही दाखवली. प्रभाबाई दारात कान देऊन उभ्या.

"कवा पण ये पाण्याला," शुक्री सांगत होती. "काय नाय इथं."

रजिस्टरं, वजनकाटा, लसींचा डबा, सगळा चार्ज देण्यात आठवडा गेला. सोडल्याचा कागद हातात पडला तेव्हा प्रभाबाई म्हणाल्या, "जमनाच्या वेळेला निरोप धाड. मी येईन."

"नको येऊ. तू आलीस त ही कवा शिकंल?" शुक्री कपाट पुसत म्हणाली.

एसटीवर पोचवायला शुक्री आली नाही. प्रभाबाईंना वाईट वाटलं, रागही आला. गाडी पाड्याला वळसा घालून निघाली तेव्हा खिडकीतून त्यांना ती दिसली. सुनिताची पिशवी काखोटीला मारून ती पुढे चालली होती, जमनाच्या घराकडे, आणि हात हलवून नव्या बाईला काहीतरी समजावत होती.

एसटीचा आवाज तिने ऐकला असणारच. पण तिने मान वळवली नाही. वळवली असती तर प्रभाबाई तिथेच उतरल्या असत्या, आणि हे दोघींनाही पक्कं ठाऊक होतं.