आसरखेडचा बंब

नवा आगीचा बंब मागायचा आणि अर्जाला जुन्या बंबाचा फोटो जोडायचा तो खंडेनवमीचा, हे फक्त आपली माणसंच करू जाणोत. फोटोत बंब धुऊनपुसून लालभडक, पुढे झेंडूचं तोरण, काचेवर हळदकुंकवाची बोटं, चाकाखाली लिंबू. शेजारी खाकी कपड्यातला ड्रायव्हर, मुलीच्या लग्नात बाप उभा राहतो तसा. आमच्या समितीच्या तांत्रिक सदस्यांनी फोटो पाहिला आणि शेरा मारला: गाडी उत्तम स्थितीत दिसते, बदलण्याची गरज नाही.

मी कपाळावर हात मारला.

मी विजयालक्ष्मी, केंद्र सरकारच्या एका खात्यात अवर सचिव. खेड्यापाड्यांतले म्हातारे बंब बदलण्यासाठी सरकारने निधी ठेवलाय, त्याच्या फायली माझ्या टेबलावरून जातात. चौदा वर्षं दिल्लीत काढली, द्वारकेत घर घेतलं, हिंदीत भांडायला शिकले. महाराष्ट्राची फाईल आली की मात्र मी जास्तच कडक होते. मॅडम आपल्या लोकांची बाजू घेतात असं म्हणायला इथे लोक टपलेलेच असतात.

त्या फायलीत फोटोपेक्षाही वाईट होतं ते गाडीचं रजिस्टर. अकरा वर्षांत बंब एकदाही बिघडल्याची नोंद नाही. सहा आगींना मात्र तो उशिरा पोचला होता, आणि सहाही वेळा कारण एकच, एकाच हस्ताक्षरात: 'चालकाची चूक'. शेरा मारणाऱ्यांचं म्हणणं सरळ होतं. आसरखेडला नवी गाडी नको, नवा ड्रायव्हर हवा.

माझे वडील एसटीत कंट्रोलर होते, त्यामुळे मी ड्रायव्हर लोकांतच लहानाची मोठी झाले. गाडी झाडावर घातली तरी चूक झाडाची असते, हे मला पाचव्या वर्षापासून ठाऊक आहे. आपली चूक आपल्या हाताने सहा वेळा लिहून देणारा ड्रायव्हर मी जन्मात पाहिला नव्हता. पाणी कुठेतरी मुरत होतं. मी तिथल्या नगरपंचायतीच्या मुख्याधिकाऱ्यांना फोन लावला.

"मंगळवारी समितीची शेवटची बैठक आहे. तुमचं गाव नाकारायच्या यादीत आहे. तिथे नाकारलं की संपलं, योजना मार्चमध्ये बंद होतेय. बाजू मांडायला या, आणि ड्रायव्हरला सोबत आणा."

"ड्रायव्हरला कशाला, मॅडम?"

"मला बघायचाय तो."

मंगळवारी सकाळी दोघं हजर झाले. मुख्याधिकारी सुधन्वा म्हणजे तिशीच्या आतला, पुण्याचा, इस्त्रीच्या शर्टातला मुलगा. ड्रायव्हर गुणवंत सत्तावन्न वर्षांचे, जानेवारीच्या थंडीत बिनबाह्यांच्या स्वेटरवर आलेले. महाराष्ट्रातून कामाला येणारी माणसं काम सुरू व्हायच्या आधीच पानिपतच्या युद्धस्मारकाला, काला अंबला, कसं जायचं ते विचारतात. या दोघांनी पानिपतचं नावही काढलं नाही, तेव्हाच मला कळलं की झोप उडालेली आहे.

बैठकीला तासभर होता. मी त्यांना कँटीनमध्ये नेलं, चहा मागवला आणि रजिस्टरची प्रत गुणवंतांसमोर ठेवली.

"काका, गाडी कशी आहे?"

"ठणठणीत आहे, मॅडम. एकदाही दगा दिला नाही."

"आणि तुम्ही कसे आहात? सहा वेळा चुकलात म्हणे."

सुधन्वाच त्यांच्या वतीने बोलला. "काका माणूस चांगला आहे, मॅडम. पण मागच्या वर्षी कुसुमावतीबाईंची पिठाची गिरणी जळली, हे पाऊण तास उशिरा पोचले. बाईंनी भर बाजारात यांना दारुडा म्हटलं. तेव्हापासून गावही तेच म्हणतं. मला मेमो द्यावा लागला."

"पिता का?" मी सरळ विचारलं.

"शिवत नाही, मॅडम. आजपर्यंत नाही."

"मग?"

गुणवंतांनी कप बाजूला सरकवला.

"टाकी गळते," ते म्हणाले. "संध्याकाळी भरून ठेवली तर सकाळी कोरडी. म्हणून मी भरून ठेवतच नाही. फोन आला की आधी विहिरीवर जातो, भरतो, मग निघतो. तोवर आग काय थांबते होय? गिरणीला पोचलो तेव्हा निम्मं पाणी रस्त्यावर सांडलेलं."

सुधन्वाचा चेहरा पडला. "काका, अहो, मग हे लिहिलं का नाही? मी मेमो दिला तेव्हा तरी बोलायचं!"

"शेजारच्या बोरवंडच्या ड्रायव्हरने लिहिलं होतं, साहेब. खरं खरं लिहिलं, गाडी नादुरुस्त. आठ दिवसांत गाडी उचलून नेली. नवी येतेय, येतेय म्हणता सहा वर्षं झाली. तिथे आग लागली की मलाच बोलावतात. म्हटलं, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं नाही. गळकी तर गळकी, गावात गाडी आहे ना. कुणाची तरी चूक लिहायचीच, तर आपली लिहू."

मला त्या माणसाचा रागही आला आणि त्याच्या पाया पडावंसंही वाटलं. दोन्ही एकदम.

सुधन्वा मात्र हिशेबी निघाला, आणि तो काही वाईट माणूस नव्हे. खाली मान घालून हळूच म्हणाला, "मॅडम, हे आत बोलले तर सरकारी रजिस्टरात खोट्या नोंदी केल्याचं कबूल केल्यासारखं होईल. काकांना निवृत्तीला सात महिने राहिलेत. चौकशी लागली तर पेन्शन अडकेल. फोटो जुना आहे, एवढंच सांगू या का?"

"तेवढ्याने तुमचं गाव वाचणार नाही," मी म्हटलं. "आणि काका, मी तुम्हाला बोला म्हणणार नाही, गप्प बसा असंही म्हणणार नाही. तुमच्या वतीने बोलायचा मला अधिकार नाही. तुम्ही आत जे बोलाल ते मी शब्दनशब्द लिहीन. कमी नाही, जास्त नाही."

त्यांनी मान हलवली. होकार की नकार, मला कळलं नाही.

बैठकीत आसरखेडची पाळी आली तेव्हा अध्यक्ष साहेबांनी घड्याळ बघितलं होतं. तांत्रिक सदस्य, स्वतः अग्निशमन दलातून निवृत्त झालेले, फोटो उचलून म्हणाले, "यह तो शोरूम से निकली लग रही है." दोघेतिघे हसले. सुधन्वाने फोटोबद्दल खुलासा केला. हसणं वाढलं. अध्यक्षांनी पेन उचललं, आणि उगाच विचारायचं म्हणून विचारलं, "ड्राइवर साहब, आप बताइए. गाड़ी कैसी है?"

गुणवंत उभे राहिले. स्वेटर खाली ओढला. मी माझी वही उघडून बसले होते.

"गाडी खराब है, साहब."

अध्यक्षांचं पेन थांबलं.

"टाकी गळती है. पंप कभी पानी खेचता, कभी नहीं खेचता. ब्रेक मैं दो बार दाबता हूँ तब एक बार लगता है. देर मेरे से नहीं हुई, साहब. गाडी से हुई. छे के छे बार."

तांत्रिक सदस्यांनी फोटो खाली ठेवला. "टंकी से पानी कितना गिरता है?"

"सात किलोमीटर में आधी. रात भर खडी रखो तो पूरी."

"पैबंद नहीं लगवाया?"

"नऊ बार लगवाया. अब पत्रा ही नहीं बचा, साहब. वेल्डिंग किसको करेंगे?"

तांत्रिक सदस्यांनी मान डोलावली. असले जुने बंब त्यांनीही चालवले असणार. अध्यक्षांचा आवाज मात्र चढला. "तो रजिस्टर में आपने झूठ लिखा?"

"जी. लिखा."

"इसका मतलब समझते हैं? नौकरी के आख़िरी साल में?"

"समझता हूँ. मेरे साहब ने बाहर समझाया."

"तो आज तक चुप थे, आज क्यों बोल रहे हैं?"

"आज तक सच बोलता तो गाडी जाती थी, साहब," गुणवंत म्हणाले. "आज सच बोलूँगा तो गाडी आएगी. एकही बिनती है. नयी आने तक पुरानी मत लेके जाना. गळती है, पर जाती तो है."

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तांत्रिक सदस्य त्यांच्याकडे झुकून म्हणाले की पंधरा दिवसांत राज्याच्या माणसाने टाकी भरून बंब एक रात्र उभा करावा आणि सकाळी पाणी मोजावं. गळती सिद्ध झाली की आपली हरकत नाही. अध्यक्षांनी मला लिहून घ्यायला सांगितलं. तपासणीच्या अटीवर आसरखेडला नवा बंब मंजूर. नवा ठाण्यात उभा राहीपर्यंत जुना हलवायचा नाही. या दुसऱ्या वाक्याखाली मी कुणी न सांगता रेघ ओढली.

"और रजिस्टर वाली बात," अध्यक्ष म्हणाले. "वह भी राज्य को जाएगी, मैडम. नियम है."

"जी सर," मी म्हटलं आणि तेही लिहिलं. शब्दनशब्द लिहीन असं कबूल केलं होतं. फक्त 'स्वतःहून सांगितले' हे दोन शब्द घालायला मी विसरले नाही, आणि ते खरेच होते.

बाहेर आलो. सुधन्वाला आनंद होत होता आणि तो दाखवायची चोरी झाली होती. व्हरांड्याच्या टोकाशी तो थांबला.

"काका, राज्याचं पत्र आलं की नोटीस मलाच काढावी लागणार. खोट्या नोंदी केल्याबद्दल. माझ्या सहीने." "कशी काढू तुम्हीच सांगा."

"काढा की," गुणवंत म्हणाले. सकाळपासून प्रथमच त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. "फक्त कारण नीट लिहा, साहेब. गाडी गळत होती, पंप चालत नव्हता, आणि हे ड्रायव्हरने लपवलं, असं स्वच्छ लिहा. एक प्रत मला द्या आणि एक कचेरीबाहेरच्या फळ्यावर लावा."

"फळ्यावर? अहो, सगळं गाव वाचेल!"

"मोठ्या अक्षरांत काढा," ते म्हणाले. "गिरणीवाल्या बाईंना बारीक दिसत नाही."