त्रास दे म्हणावं

बुद्धप्रियाला जर्मनीला जाऊन तीन महिने होत आले, तेव्हा कुठं चांगुणाच्या लक्षात आलं की आपली लेक फोनवर कॅमेरा लावायचंच टाळते आहे.

आधी तसं नव्हतं. गेली तेव्हा ती सगळं दाखवायची. खिडकीतून दिसणारी ट्राम, चौघी मुलींत मिळून असलेलं स्वयंपाकघर, फ्रीजमधला तिच्या वाट्याचा कप्पा. "ही बघ आई, तुझी कडक भाकरी. इथल्या पोरींना वाटलं पापडच आहे." पहिला बर्फ पडला तेव्हा तिनं हातमोजा काढून मूठभर बर्फ उचलून दाखवला होता. तिचा बाप ईश्वर एसटीत कंडक्टर. त्यानं तो व्हिडिओ टेंभुर्णीच्या स्टँडवर चहावाल्यापासून कंट्रोलरपर्यंत सगळ्यांना दाखवला. शिष्यवृत्ती मिळवून परदेशी शिकायला गेलेली वस्तीतली ती पहिलीच पोर. निघायच्या आधी विहारात तिचा सत्कार झाला होता, आणि तेव्हापासून गल्लीतल्या मुली चांगुणाला अडवून विचारायच्या, "मावशी, प्रियाताईनं अर्ज कसा केला होता?"

आता मात्र फोनवर नुसता आवाज यायचा. नेट नीट नाही, असं प्रिया म्हणायची. एकदा चांगुणानं हट्टानं कॅमेरा लावायला लावला. ती सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका खासगी रुग्णालयात नर्स. माणसाचं तोंड बघून त्याचं दुखणं ओळखायची तिला सवय. प्रियाचे ओठ सुकले होते, केस कसेतरी गुंडाळले होते, आणि तिकडं भर दुपार असून मागचा पडदा ओढलेला होता.

"जेवलीस का?"

"जेवले की."

"काय खाल्लंस?"

उत्तर यायला जरा वेळ लागला. "ते... भात." तो उशीर नेटचा नव्हता, एवढं चांगुणाला कळलं.

तिनं ईश्वरला सांगितलं. तो म्हणाला, "अभ्यास आसतोय गं तिला. सारखं फोन करून जीव खाऊ नको पोरीचा."

डिसेंबरातल्या एका दुपारी चांगुणा वॉर्डात होती. नुकताच ऑपरेशनचा पेशंट खाली आणला होता. एवढ्यात खिशातला फोन थरथरला. या वेळी प्रिया कधी फोन करत नसे.

"आई, बोलायला वेळ आहे का?"

"बोल की."

"मी कॉलेजला जातच नाही गं. बरेच दिवस झाले."

चांगुणा खिडकीशी सरकली. "का? काय झालं?"

"प्रॅक्टिकलला आमचा चौघांचा गट आहे. ते तिघं आपसात जर्मनमध्येच बोलतात. मी विचारलं की थांबून इंग्रजीत सांगायचे. पण दर वेळी त्यांना थांबवायची मलाच लाज वाटायला लागली. मग एकदा सरांनी मला प्रश्न विचारला. मला येत होतं आई, खरंच येत होतं. पण तोंडातून शब्दच निघेना. सगळे गप्प बसून वाट बघत होते. कुणी हसलंसुद्धा नाही. त्या दिवसापासून सकाळी उठवतच नाही मला." मग अगदी बारीक आवाजात तिनं विचारलं, "मी परत येऊ का?"

'ये' हा शब्द चांगुणाच्या ओठांवर आला होता. पण तिच्या डोळ्यांसमोर ईश्वर उभा राहिला, विहारातलं स्टेज आलं, अर्जाचं विचारणाऱ्या पोरी आल्या. आणि त्या एका क्षणाच्या विचारात मागून हाक आली, "सिस्टर!" ऑपरेशनच्या पेशंटनं गुंगीत हाताची सलाईन उपसून टाकली होती. चादरीवर रक्त सांडत होतं.

"प्रिया, जरा थांब, मी लावतेच परत," म्हणून ती पळाली.

रक्त थांबवलं, दुसऱ्या हाताची शीर शोधली, सुई बसवली, पेशंटच्या घाबरलेल्या बायकोला धीर दिला. हात धुऊन तिनं फोन लावला तर प्रियाचा फोन बंद.

पुन्हा लावला. बंद. जेवणाच्या सुट्टीत लावला. बंद.

ईश्वरची गाडी मोहोळच्या पुढं कुठंतरी होती. टेंभुर्णीला पोचल्यावर त्यानं फोन उचलला, सगळं ऐकलं आणि म्हणाला, "मग दुसऱ्या कुणाला तरी लाव की."

"कुणाला लावू? हाय का कुणाचा नंबर आपल्याकडं?"

खरोखरच नव्हता. लेक ज्या घरात राहत होती तिथल्या कुणाचंही आडनावसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंनी विद्यापीठाचा नंबर शोधून दिला. चांगुणानं तो लावला, तर एक बाई जर्मनमध्ये काहीतरी बोलली. चांगुणा "हॅलो, हॅलो, माय डॉटर" म्हणत राहिली. ती बाई मध्येच थांबली आणि संगीत वाजायला लागलं. तो रेकॉर्ड केलेला आवाज होता, हे तिला डॉक्टरीणबाईंनी सांगावं लागलं.

शेवटी तिला उत्कर्षा आठवली, प्रियाची सोलापूरच्या कॉलेजातली मैत्रीण. ड्युटी संपेपर्यंत उत्कर्षा स्कूटीवरून रुग्णालयाच्या फाटकाशी येऊन थांबली होती. प्रियानं टाकलेल्या जुन्या फोटोंतून तिनं एका मुलीचं नाव हुडकलं. मार्टा. पोलंडची, प्रियाच्या शेजारच्या खोलीत राहणारी. उत्कर्षानं तिला निरोप पाठवला आणि दोघी कठड्यावर बसून राहिल्या. मधूनमधून ईश्वरचा फोन यायचा. परतीची गाडी भरलेली, सोडून येता येत नव्हती. दर थांब्यावर तेवढंच विचारायचा, "कळलं का काय?"

उन्हं कलली तेव्हा मार्टाचा व्हिडिओ कॉल आला. तिच्यामागं तेच स्वयंपाकघर होतं. ती घाईघाईनं इंग्रजीत बोलली आणि उत्कर्षानं सांगितलं, "काकू, प्रिया खोलीतच आहे म्हणते. कालपासून बाहेर आलेली नाही. हिला वाटलं, तिला एकटं राहायचं असेल. उगाच कशाला त्रास द्यायचा म्हणून विचारलं नाही."

"त्रास दे म्हणावं!" चांगुणा ओरडली. "दे म्हणावं लागेल तेवढा त्रास!"

मार्टानं दार ठोठावलं. आतून आवाज नाही. पुन्हा ठोठावलं. चांगुणानं फोन उत्कर्षाच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला. "प्रिया! ए प्रिया! दार उघड गं!" फाटकातून येणारीजाणारी माणसं थबकून बघायला लागली. आयुष्यभर ती रुग्णांच्या नातेवाइकांना 'आवाज करू नका' म्हणून दटावत आली होती.

बऱ्याच वेळानं कडी निघाली.

प्रिया दारात उभी होती, भिंतीला टेकून. फोन बंद पडला होता आणि उठून चार्जरला लावण्याएवढंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. मार्टानं तिला पलंगावर बसवलं. चांगुणा सांगत गेली आणि उत्कर्षा इंग्रजीत बोलत गेली. पडदा उघड. पाण्यात साखर-मीठ घालून घोटघोट पाज. पाठीला उशी दे. मार्टा सगळं करत होती, पण ग्लास चुकीच्या बाजूनं धरत होती, पाणी प्रियाच्या स्वेटरवर सांडत होतं. चांगुणाला ते दिसत होतं आणि ती काहीच करू शकत नव्हती.

"ये तू," ती म्हणाली. "आजच्या आज नीघ. कोण काय म्हणंल ते मी बघते."

प्रिया नुसती रडली. "आता नाही गं सांगता येत काही," एवढंच म्हणाली.

ईश्वर घरी आला तो तिकिटांचं मशीनही जमा न करता. उभ्याउभ्याच म्हणाला, "आपण जाऊ तिकडं."

"पासपोर्ट हाय का आपला?"

तो खाली बसला. "मी लई गाजावाजा केला की गं."

चांगुणाला त्याला 'न्हाय' म्हणायचं होतं. तिनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला.

दुसऱ्या दिवशी मार्टा प्रियाला विद्यापीठाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. तिथं काय बोलणं झालं ते प्रियानं कधी नीट सांगितलं नाही. ती परतही आली नाही. गट बदलून मिळाला, परीक्षेत काही विषय सुटले, एक राहिला. कॅमेरा पुन्हा लागायला लागला. कधीकधी ती हसायचीसुद्धा. पण ते हसू आईसाठी लावलेलं की आतून आलेलं, हे चांगुणाला आता ओळखता येईना. हाताला हात लावून बघितल्याशिवाय तिला कशाचाच भरवसा वाटत नव्हता.

जूनमध्ये प्रिया म्हणाली, "आई, मी सुट्टीत येत नाहीये. इथल्याच एका लॅबमध्ये काम मिळालंय."

"बरं की," चांगुणा म्हणाली. मग तिनं विचारलं, "मार्टा हाय न्हवं सोबतीला?"

"तिचं शिक्षण संपलं. पुढच्या महिन्यात ती पोलंडला परत चालली."

"मग तिच्या खोलीत कोण येणार?"

"माहीत नाही. आल्यावर कळेल."

"नाव कळलं की मला सांग. नंबर पण घेऊन ठेव."

"आई, अगं अनोळखी मुलगी असणार ती. आल्याआल्या नंबर कसा मागू? चल, ट्राम आली माझी."

फोन बंद झाला. ड्युटीवर निघालेला ईश्वर दारात बुटाची नाडी बांधत होता. त्यानं मान वर केली. "काय म्हनली? कधी येती?"

"येत न्हाय म्हनली."

त्यानं दुसऱ्या बुटाची नाडी बांधली, बॅग खांद्याला लावली आणि उंबऱ्यातनंच विचारलं, "आन् त्या नव्या पोरीचा नंबर?"