तिसऱ्या बटणाचा शर्ट

“त्याने काहीही पाठवलं, तरी जसं असेल तसं माझ्याकडे घेऊन या. धुऊन-पुसून नीट करत बसू नका,” वकीलबाईंनी संरक्षण आदेश तिच्या हातात देताना बजावलं होतं. नवऱ्याने तिच्या घरी किंवा दुकानात यायचं नाही, फोन करायचा नाही, दुसऱ्याच्या तोंडून निरोपही धाडायचा नाही, असं त्यात होतं. तिने मान हलवून वचन दिलं होतं. पण गेल्या महिन्यात तो तापाने फणफणत दारात येऊन बसला, आणि तिने त्याला आत घेऊन चहा पाजला. तेव्हापासून वकीलबाईंची आठवण आली की तिला कुठे तोंड लपवावं ते कळेनासं व्हायचं.

आज दादा तिच्या शिवणकामाच्या दुकानात आला. पिशवी टेबलावर टाकून म्हणाला, एक बटण लावायचंय, सवडीने लाव. सवयीने तिने सुईत दोरा ओवला आणि शर्ट उलगडला. शिळ्या घामाचा आणि डोक्याला लावायच्या गोडसर वासाच्या तेलाचा भपकारा नाकात शिरला. तिसरं बटण कापडासकट निखळलेलं होतं. नवऱ्याने तिचा गळा आवळला तेव्हा ते तिच्याच मुठीत आलं होतं. शर्ट त्याने धुतलासुद्धा नव्हता. तिने सुई खाली ठेवली.

दादा गिऱ्हाइकाच्या स्टुलावर ऐसपैस बसला होता. तिच्या टाचण्यांच्या उशीतली टाचणी उपसून तो दात कोरत होता आणि मधूनच टोकाकडे बघत होता. तिचा नवरा रडला म्हणे, सुधारला म्हणे.

“तो स्वतः आला का इथे? नाही ना?” दादा म्हणाला. “बटण आहे गं, बॉम्ब नाही. आणि तो आदेश तर तूच मोडलास. चहा पाजलास तेव्हाच रद्द झाला.”

मार खाऊन पडलेल्या तिला दवाखान्यात नेणारा हाच दादा होता. आज मारणाऱ्याचा शर्ट काखेत मारून आला होता. त्याच्याकडे बघवेना. तरी त्याचं ते शेवटचं वाक्य तिलाही खरंच वाटत होतं. मागच्या खोलीत जाऊन तिने वकीलबाईंना फोन लावला आणि दादाने आणलेल्या शर्टाची आणि चहाची गोष्ट खाली मानेने सांगून टाकली.

वकीलबाई रागावल्या नाहीत. “बंदी त्याच्यावर आहे, तुमच्यावर नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही दार उघडलंत म्हणून ती उठत नाही. कोर्टाने उठवली तरच उठते. आणि भावाच्या हाती शर्ट पाठवणं, हाही आदेशाचा भंगच. आपण पोलिसांत नोंदवू. दादांचाही जबाब लागेल.”

बाहेर येऊन तिने ते जसंच्या तसं सांगितलं. टाचणी तोंडातच थांबली. माझं नाव कशाला मध्ये आणतेस, असं तो पुटपुटला.

“तूच आणलंस, दादा. शर्टाबरोबर.”

त्याने टाचणी परत उशीत खोचली. तिने ती दोन बोटांनी उपटून कचऱ्यात टाकली. सुईतला दोरा काढून रिळाला गुंडाळला. शर्ट कॉलरला चिमटीत धरून, न घडी घालता, पिशवीत सोडला. आदेशाची प्रत पर्समध्ये होतीच. दादाला उठायला सांगून तिने दिवा मालवला, शटर ओढलं, आणि पिशवी अंगापासून दूर धरून ती वकीलबाईंच्या कचेरीची वाट चालू लागली.