उजवा पंख

मुरुम गावात पाण्याची जळालेली मोटार नवी तार भरून घ्यायची, तर लोक गुरुसिद्धप्पांचंच दुकान गाठत. तांब्याची बारीक तार त्यांच्या बोटांतून अशी सरसर फिरायची, की गिऱ्हाईक बोलायचं विसरून बघत राहायचं. मग अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, वाचा सावरली. उजवा हात मात्र रुसला तो रुसलाच, अन् दुकानाला कुलूप लागलं.

डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. "म्या काय लेकरू हाय व्हय?" म्हणत गुरुसिद्धप्पांनी तो बोळात भिरकावला. पुण्यात नोकरी करणाऱ्या शिवरंजनीला बापाचा स्वभाव पुरता ठाऊक. औषध म्हणून दिलं तर अमृतही थुंकतील, काम म्हणून दिलं तर नाही म्हणायचे नाहीत. तिनं रिमोटवर उडणाऱ्या विमानाचा लाकडी संच पाठवला. आत सुट्या फळ्या, पट्ट्या, छोटीशी मोटार अन् एक भलामोठा नकाशा.

मोटार बघून म्हाताऱ्याचे डोळे चमकले. पण हट्टी माणूस सरळ कशाला वागेल? बायकोला, शांताक्काला म्हणाले, "ह्या हातानं हे उडीवलं, तर दुकान उघडीन. न्हाय तर चाव्या गोरोबाला."

गोरोबा त्यांच्याच हाताखाली तयार झालेला कारागीर, मनानं भला. पण दुकान गेलं तर हा माणूस खाटेवरून उठायचा नाही, हे शांताक्काला पक्कं कळत होतं.

मग जात्याला दोघी बसतात तसे दोघं पाटाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसू लागले. नकाशा पाटावर पसरायचा, त्यावर लाकडाच्या बरगड्या टाचण्यांनी रोवायच्या अन् फेविकॉल लावायचं. चटकन चिकटणारा गोंद शांताक्कानं फडताळात ठेवून दिला होता, कारण पहिल्याच दिवशी धन्याची दोन बोटं एकमेकांना चिकटली होती. गुरुसिद्धप्पा डाव्या हातानं पट्टी ठेवत, उजव्यानं थरथरत दाबत. ती समोरून दुसरं टोक धरी. डावा पंख झाला.

"आता दुसऱ्या बाजूचा," ते म्हणाले. उजव्या पंखाचं चित्र कागदाच्या पाठीमागं होतं. कागद पालटून पाठची बाजू वर घ्यायची, तर शांताक्कानं तो नुसता आपल्याकडं फिरवला. फिरवल्यावर डावा पंख उजव्या अंगाला दिसू लागला अन् दोघांचंही समाधान झालं. आठवडाभर खपून दुसरा पंख झाला. धडाला लावून बघतात, तर एकाची फुगीर बाजू वर अन् दुसऱ्याची खाली. दोन्ही पंख डावेच!

"मोडून टाक ते खेळणं!" गुरुसिद्धप्पा ओरडले. गोरोबाला फोन करून सांगितलं, "रविवारी ये. चाव्या घेऊन जा." अन् भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

शांताक्कानं वाद घातला नाही. चुलीवर पातेल्यात पाणी ठेवलं. कधीतरी चुलीजवळच्या दारावरची फेविकॉलनं चिकटवलेली पट्टी वाफेनं सुटलेली तिनं पाहिली होती. चुकलेला पंख वाफेवर धरून ती एकेक सांधा हलक्या हातानं सोडवू लागली. वाफेनं बोटं लाल झाली, पण एकही बरगडी मोडली नाही. ओल्या पट्ट्या तिनं पाटाखाली दाबून वाळत ठेवल्या.

गुरुसिद्धप्पा कूस बदलून बघत राहिले. झटका आल्यापासून ह्याच बोटांनी त्यांच्या सदऱ्याची बटणं लावली होती, घास भरवले होते. आपण एकदा तरी बरं बोललो का?

"शांता," ते म्हणाले, "तुझे लई उपकार हायत माझ्यावर."

"नवऱ्यावर उपकार करायला म्या काय सरपंच हाय?" ती हसली. मग पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "उठा. कागद पालटा. अन् आता माझ्या शेजारी बसा, समोर नगं."

शनिवारी रात्री उजवा पंख धडाला लागला. रविवारी सकाळी वारं पडलं होतं. सोयाबीन काढलेल्या रानात चाव्या घ्यायला आलेल्या गोरोबानं विमान हातात धरलं, गुरुसिद्धप्पांनी रिमोट. शिवरंजनीनं आई-बाप दोघांकडूनही मोबाइलवरच्या खेळात विमान उडवायचा सराव आधीच करून घेतला होता. मोटार गरगरली, गोरोबानं विमान पुढं सोडलं अन् ते सुर्रकन वर गेलं!

बाभळीपाशी वळवायचं होतं. रिमोटच्या दांडीवर उजवा अंगठा अर्ध्यावरच अडला. विमान एका अंगावर कलंडून खाली येऊ लागलं. गुरुसिद्धप्पांनी रिमोट बायकोपुढं केला.

"शांता, धर!"

उभ्या जन्मात ह्या माणसानं असं मागितलं नव्हतं. तिनं आपला अंगठा त्यांच्या अंगठ्यावर ठेवला अन् दोघांनी मिळून दांडी दाबली. विमान सरळ झालं, बाभळीवरून ऐटीत वळलं. पुढच्या दोन घिरट्या तशाच झाल्या. शेवटी ते धसकटांत उतरलं, एक चाक तुटून पडलं.

गोरोबा चाक घेऊन पळत आला. जरा घुटमळून म्हणाला, "मामा, लई झ्याक उडालं. मग चाव्यांचं...?"

गुरुसिद्धप्पांनी आपल्या हाताकडं पाहिलं. बायकोचा अंगठा अजून तिथंच होता, तो त्यांनी काढू दिला नाही.

"नुसत्या माझ्या हातानं न्हाय उडालं, गोरोबा. खोटं कशाला बोलू?" ते म्हणाले. शांताक्कानं मान खाली घातली. "पर दुकान देत न्हाय. उद्यापासनं आमी दोघं बसणार."

"मला तार भरायला कुठं येती?" शांताक्का दचकून म्हणाली.

"शेजारी बस," गुरुसिद्धप्पा म्हणाले. "म्या शिकीवतो."