मानाचा एक नंबर आणि मी

मित्रांनो, मी कुणाला दिसत नाही. वाटूरच्या अभ्यासिकेत कोपऱ्यात एक पिवळा पडलेला जुना संगणक आहे, त्याच्या पोटात राहणारा मी एक छोटा प्रोग्राम. तुमच्या मोबाईलमधल्या लग्नाच्या एका फोटोएवढ्या जागेत माझ्यासारखे कितीतरी मावतील. ज्यानं मला लिहिलं, त्यानं न लागणारी प्रत्येक ओळ खरडून काढली. म्हणून मी हलका आहे. त्याची मला लाज नाही.

माझं काम एकच. घराला लागतो तसा जाळ्यातल्या प्रत्येक संगणकाला एक नंबर लागतो. संगणक सुरू झाला की मी तारेतून ओरडतो, "मला मोकळा नंबर हवाय!" भिंतीवरची राउटरची डबी सांगते, "हा घे, काही तासांपुरता. आणि बाहेर, इंटरनेटवर जायची वाट इकडून." निम्मी मुदत सरली की मी पुन्हा विचारतो. नंबर माझ्या बापजाद्यांचा नाही, आणि दुसऱ्या कुणाचाही नाही. 'तू कुणाचा?' असं डबीनं मला आजवर विचारलेलं नाही. आमचं म्हणून जमतं.

अभ्यासिका चालवणाऱ्या संध्याताईंनी मला इथं आणलं. भरतीचे सराव पेपर पोरांनी माझ्यावरच सोडवले. "जुनं हाय, पण लागतं बराबर," असं म्हणायचे. मग तीन नवे संगणक आले आणि माझ्या डोक्यावर पाण्याच्या बाटल्या. नव्यांचे नंबर आणि त्यांची बाहेर जायची वाट दुरुस्तीवाल्या हरिओमनं हातानं भरून पक्की केली. अध्यक्ष भुजंगरावांना सगळं कायमचं लागतं.

मग अध्यक्षांच्या केबिनमध्येही संगणक आला. पोळ्याला वेशीतून पहिली बैलजोडी त्यांची निघते, हे ध्यानात ठेवा.

"माझ्या मशीनला किती नंबर दिला रे?" त्यांनी हरिओमला विचारलं.

"चौदा, मामा."

"चौदा? मंग एक कुणाकडं हाय?"

"डबीकडं. ती दाराशी असती ना, सगळे तिच्यातूनच बाहेर..."

"दाराशी बसणाऱ्याला एक, आन् अध्यक्षाला चौदा?"

हरिओमनं डबीला उठवून पन्नासावर बसवलं, एक नंबर अध्यक्षांना दिला, चहा प्याला आणि घनसावंगीच्या जीपमध्ये बसला. अध्यक्षांनी त्याच उत्साहात माझ्याकडं बोट केलं. "हे डबडं भंगारात." माझी तार निघाली. मी व्हरांड्यात.

दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेत येणाऱ्या साक्षीची परीक्षा होती. नर्सिंगच्या शिष्यवृत्तीची, संगणकावरच द्यायची. मोबाईलवर उघडतच नव्हती. नवे तिन्ही संगणक लावले. काहीच उघडेना. उघडणार कसं? बाहेर जायची वाट एक नंबराकडून, हेच त्यांना शिकवलेलं. त्यांच्या सगळ्या हाका अध्यक्षांच्या केबिनमध्ये जाऊन पडत होत्या, आणि केबिनला बाहेर जायची वाटच नव्हती. हरिओमचा फोन लागत नव्हता.

"पुढच्या साली देता येती का गं?" संध्याताईंनी विचारलं.

"न्हाई ताई. पुढच्या साली वय बसत न्हाई."

"मंग रडू नको. धर त्या जुन्याचं एक टोक."

"मॅडम, ते भंगारात काढलंय!" अध्यक्ष केबिनच्या दारातून म्हणाले.

"भंगारवाला न्हाई आला ना अजून, साहेब. आला की बघू."

मला तार मिळाली. मी ओरडलो. पन्नासावरून डबी म्हणाली, "तेवीस घे. वाट आता माझ्या या नव्या जागेवरून." काल एकवर होतीस, आज पन्नासावर कशी, असं मी विचारलं नाही. मला वाट हवी होती.

"ताई, लागलं!" साक्षी ओरडली. माझ्यापेक्षा मोठ्यानं.

तिचा शेवटचा प्रश्न सुटून पेपर जाईपर्यंत मी नंबर सोडला नाही. अध्यक्ष मागं उभे. "माझ्यावर का न्हाई लागून राह्यलं? माझा तर एक नंबर हाय."

तेवढ्यात हरिओमचा फोन आला. संध्याताईंनी ऐकून घेतलं आणि वळल्या. "साहेब, डबीच्या जागी तुम्ही बसलात. पोरांची मशीनं तुम्हालाच वाट विचारून राह्यलीत. सांगता का?"

अध्यक्ष बाजूला सरकले आणि ताईंना वाट दिली.

हरिओमच्या सांगण्यावरून ताईंनी नव्या संगणकांचे पक्के नंबर काढून टाकले. आता माझ्यासारखंच मागून घ्यायचं. आधी मुलांची तिन्ही मशीनं झाली, मग केबिन. शेवटचं बटण अध्यक्षांनी स्वतः दाबलं. डबीनं सत्तावीस दिला.

"सत्तावीस? म्हंजी ह्या डबड्याच्याही मागं?"

"ज्यानं आधी मागितला त्याला आधी, साहेब."

भंगारवाला संध्याकाळी आला आणि एक मोडका पंखा घेऊन गेला.

मित्रांनो, दसऱ्याला हार घालता तो संगणकाच्या पडद्याला घालता; मला तो नकोच. डोक्यावरची बाटली तेवढी उचला, आणि जुन्याची तार काढण्याआधी त्याच्यावर कुणाचं काय चाललंय ते बघा. आणि मला मान म्हणून कायमचा नंबर देऊ नका, मी तो वापरणार नाही. उद्या सकाळी संगणक सुरू होईल, आणि मी पुन्हा ओरडेन. उत्तर आलं नाही, तर थोडं थांबून पुन्हा ओरडेन.