थोरल्या आप्पाचं नाव

सीमाभागातल्या येळ्ळूरच्या गडावर चढणाऱ्या वाटेला आमच्या घराण्याचा वीरगळ आहे. गावच्या गाई सोडवताना मेलेल्या पूर्वजाचा दगड. वर तलवारवाला गडी, खाली गाई आणि मधे कोरलेल्या दोन ओळी. आम्ही त्याला थोरला आप्पा म्हणतो. सुगी झाली की नव्या तांदळाच्या भाताचा निवद आधी त्याला, मग घरात ताटं.

यंदा आईला घेऊन मी शहरातल्या टिळकवाडीहून गेले, आणि बघते तर माझा चुलतभाऊ नागेंद्र त्या ओळींवर सिमेंट थापत बसलेला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काय चाललंय रं हे?"

"वरडू नगंस, आक्का. उद्या कानडी सरकारची सर्व्हेवाली येनार हाईत. त्या ओळी कानडी हाईत. फोटू काढून न्हेतील आन् गड आमचाच म्हनतील."

"म्हणून आप्पाला लिंपतोस?"

"गाई, तलवार ऱ्हाऊ दे की उघडी. निस्त्या ओळी झाकतोय."

निस्त्या ओळी! बाजारात हाच नागेंद्र कानडीत घासाघीस करून मिरच्या घेतो, तेव्हा त्याचं काही बिघडत नाही. तिकडचे कानडीवाले पाट्या बघून गाव कुणाचं ते ठरवणार, इकडचे मराठीवाले दगडावर थापी फिरवणार, आणि मेलेल्या माणसानं दोघांना हिशेब द्यायचा. चीड आली मला, दोघांचीही.

सिमेंट अजून ओलं होतं. मी थापी ओढली तर त्यानं माझं मनगट धरलं.

"आक्का, ऐक. आपल्या दगडापायी गड गेला तर गावातली पोरं मला फितूर म्हनतील गं." तरी मला त्याची दया आली नाही.

आमची ओढाताण चालली होती तोवर आई दगडापाशी बसली. निवदाचं ताट बाजूला ठेवलं आणि बोटांनी सिमेंट खरवडायला लागली. तिला ना मराठी वाचता येतं, ना कानडी. पण लग्न होऊन आल्यापासून दर सुगीला त्या ओळींवर हळदकुंकू तीच लावते.

"काकू, हात खराब हुतील," नागेंद्र म्हणाला.

आईनं वर पाहिलंसुद्धा नाही. तांब्यातलं पाणी ओतून तिनं पहिलं अक्षर मोकळं केलं.

"त्येचं नाव हाय त्ये," ती म्हणाली. "नाव पुसल्यावर निवद कुनाला दावू रं? तुला?"